बोरघाटातील वाफ आणि वीज

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला निघालेल्या गाडीला साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिने जोडली होती. चौदा डबे आणि चारशेच्या आसपास निमंत्रित घेऊन ती ३४ किलोमीटर धावली. पोटात विस्तव घेऊन पळणाऱ्या या वाहनाला लोकांनी ‘आगीनगाडी’ म्हटले, आणि ते नाव अगदी नेमके होते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला देशातील पहिली विजेवरची गाडी गेली, तिच्या पोटात मात्र विस्तव नव्हता. दोन्हींमधील सगळे फरक इथूनच सुरू होतात.

वाफेचे इंजिन म्हणजे विंचवाचे बिऱ्हाड. चूल, सरपण आणि पाणी, सगळे पाठीवर. भट्टीत कोळसा धगधगतो, तिथली तप्त हवा बॉयलरमधील नळ्यांतून जाते आणि भोवतालच्या पाण्याची वाफ होते. मोकळ्या हवेत पाण्याची वाफ झाली तर ती सोळाशे पटींहून अधिक जागा मागते. बंद बॉयलरमध्ये तिला ती मिळत नाही, म्हणून दाब वाढतो. हीच कोंडलेली वाफ सिलिंडरमधील दट्ट्याला आळीपाळीने दोन्ही बाजूंनी ढकलते आणि दांड्यांमार्फत चाके फिरतात.

काम झालेली वाफ धुराड्यातून जोराने बाहेर फेकली जाते, ती आपली ‘झुकझुक’. दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्याला असे चार उसासे पडतात. हा नुसता आवाज नाही. प्रत्येक उसासा धुराबरोबर भट्टीतील हवा ओढून घेतो आणि तिच्या जागी ताजी हवा निखाऱ्यांवर येते. म्हणजे इंजिन जितके कष्ट करते, तितका त्याचा विस्तव आपोआप फुलतो. भाता ओढायला वेगळा माणूस लागत नाही.

एवढी सुंदर रचना असूनही कोळशातील उष्णतेचा फार थोडा भाग, साधारण सहा ते आठ टक्के, गाडी ओढण्याच्या कामी येत असे. शिवाय थंड इंजिनात वाफ धरायलाच कित्येक तास लागत.

विजेच्या इंजिनावरचा पँटोग्राफ वर होऊन ओव्हरहेड वायरला टेकला की काही मिनिटांत ते निघायला तयार. मोटारीत वीज खेळते, चुंबकीय बळ तयार होते आणि मोटार थेट गोल फिरते. दट्ट्याच्या पुढे-मागे होणाऱ्या हालचालीचे गोल फिरण्यात रूपांतर करण्याची गरजच उरत नाही. चाकांना मिळणारा जोर झटक्याझटक्याने न येता सलग येतो, त्यामुळे ओल्या रुळांवर ती कमी घसरतात. वाफेच्या इंजिनाची ताकद बॉयलर किती वेगाने वाफ देतो यावर अडते. मोटार चढावर थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त वीज ओढू शकते.

या गुणांचा खरा कस बोरघाटात लागला. १८६३ साली सुरू झालेला हा मार्ग सुमारे २५ किलोमीटरांत ५५८ मीटर चढतो. काही ठिकाणी ३७ मीटर पुढे गेले की एक मीटर वर, असा चढ. तिथे फायरमनला खोऱ्याने सतत कोळसा ओतावा लागे आणि बोगद्यात धूर कोंडे. १९२९ पर्यंत पुण्यापर्यंत वीज आली आणि १ जून १९३० रोजी ‘डेक्कन क्वीन’ विजेच्या इंजिनावर सुरू झाली.

मालगाड्यांसाठी आलेल्या इंजिनांना रेल्वेतील माणसांनी ‘खेकडा’ हे नाव दिले. घाट उतरताना खेकड्याच्या मोटारी उलट काम करीत: चाके त्यांना फिरवत, त्यांतून वीज तयार होई आणि ती तारेत परत जाई. गाडीचा वेगही आटोक्यात राही. खंडाळ्याहून उतरणारी गाडी अशा रीतीने कर्जतहून चढणाऱ्या गाडीला हात देई. वाफेच्या काळात हीच ऊर्जा ब्रेकचे ठोकळे तापवण्यात वाया जात होती.

मग विस्तव विझला का? नाही, तो ठाकुर्लीला गेला. तिथे जीआयपी रेल्वेने या गाड्यांसाठी चोळे वीजघर उभारले होते आणि तिथे कोळसाच जळत होता. पण एका जागी बसवलेल्या मोठ्या बॉयलरमधून आणि टर्बाइनमधून त्याच कोळशाचे कितीतरी जास्त काम निघते. शिवाय तेवढे ओझे घाटात चढवावे लागत नाही. बदल्यात विजेची गाडी तारेशी बांधली गेली. पुरवठा तुटला की ती जागीच थांबते. कोळसा आणि पाणी असेपर्यंत आगीनगाडीला कुणावर अवलंबून राहावे लागत नसे.

आज घाटातील तारांमधून २५,००० व्होल्टचा प्रवाह वाहतो, तरी चढ तोच आहे. म्हणूनच पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्या अजूनही कर्जतला थांबतात. प्रवासी वडे घेत असतात, तेवढ्यात मागे गाडीला ढकलणारे ‘बँकर’ इंजिन लागते आणि डब्यांना हलका धक्का बसतो. मग गाडी घूं करीत घाट चढू लागते. बोगदा आला तरी आता खिडक्या उघड्याच राहतात.