पाटी दारावर, जीव टांगणीला!

गेल्या श्रावणातली गोष्ट. दुपारचे साडेचार झाले होते. शिकवणीची मुलं नुकतीच आत येऊन बसली होती, आणि बाहेर धाडकन आवाज झाला. धावत जाऊन बघते तो काय, दाराशेजारची ग्रॅनाइटची नावाची पाटी खाली पडून तिचे तीन तुकडे झालेले, आणि तेही नेमके मुलांच्या चपलांवर! पाचच मिनिटांपूर्वी तिथेच सात मुलं वाकून चपला काढत होती. माझे तर हातपायच गळाले.

वास्तुशांतीच्या वेळी हौसेने करून घेतलेली पाटी. 2 फूट लांब, 1 फूट रुंद, 18 मिलिमीटर जाड. रात्री मी हिशेब मांडला. ग्रॅनाइट पाण्याच्या सुमारे 2.7 पट जड. म्हणजे पाटीचं वजन झालं 9 किलो! एवढं ओझं आम्ही दोन वर्षं लोकांच्या डोक्यावर टांगून ठेवलं होतं.

पडली कशी? तुकडे उलटून पाहिले तेव्हा उलगडा झाला. मागच्या बाजूला आमच्या भिंतीचा पिवळा रंग जसाच्या तसा चिकटलेला होता. चिकटवणाऱ्याने रंगावरच डिंकासारखं ते द्रव्य फासलं होतं. त्याने दगड घट्ट धरला, पण रंगाने भिंत सोडली! जोडीला दोन स्क्रू होते, पण त्यांच्या गिट्ट्या फक्त गिलाव्यात बसलेल्या. गिलावा म्हणजे भिंतीची साडी. ओझं पेलायचं ते आतल्या विटेने.

नवी पाटी बसवताना मी स्वतः मिस्त्रींजवळ उभी राहिले. तेव्हा जे शिकले ते तुम्हांला सांगते.

पहिलं म्हणजे, पाटीला भोकं दुकानातूनच पाडून आणावीत, काठापासून निदान दीड इंच आत. घरी ठोकाठोकी केली तर दगड तडकतो.

दुसरं, दाराजवळ बेलचं बटण असतं. त्याची वायर भिंतीतून बहुधा सरळ वर किंवा आडवी जाते. ती रेघ टाळावी आणि ड्रिल लावण्याआधी बेलच्या लाइनचा स्विच बंद करावा. ड्रिलला वीज दुसऱ्या लाइनवरून घ्यावी.

तिसरं, भिंतीतून काय पूड पडते ते बघत राहावं. आधी करडी पूड येते, तो गिलावा. मग लाल पूड आली की समजावं, वीट लागली. लाल पूड न येता ड्रिल भसकन आत गेलं, तर ते दोन विटांमधल्या सांध्यात शिरलंय. तिथे गिट्टीवर भरवसा ठेवू नये, जागा बदलावी. हलक्या पांढऱ्या ब्लॉकची किंवा पोकळ ब्लॉकची भिंत असेल, तर तिच्यासाठी वेगळ्या गिट्ट्या मिळतात, त्याच मागाव्या.

आता स्क्रूची लांबी. बेरीज अगदी सोपी आहे. दगड 18, गिलावा 15 आणि विटेतली गिट्टी 40, मिळून 73 मिलिमीटर. म्हणून 75 मिलिमीटरचा, म्हणजे 3 इंची स्क्रू. गिट्टी 8 मिलिमीटरची तर ड्रिलचा बिटही 8 चाच. भोक भिंतीत 65 मिलिमीटर खोल करावं, आतली पूड फुंकून काढावी आणि गिट्टी गिलाव्याच्या आत, विटेपर्यंत सरकवावी. लाकडी गिट्टी नकोच. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि ढिली होते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, नाहीतर गंजाचे ओघळ दगडावर उतरतात. स्क्रूखाली रबरी वॉशर घालावा आणि फार आवळू नये.

शिवाय पाटीच्या खाली दोन छोटे अँगल लावून घेतले. सगळा भार चार स्क्रूंवरच नको, खालूनही आधार हवा. पाटी चढवण्याआधी मी प्रत्येक स्क्रूला दोरी बांधून पाण्याने भरलेली बादली लटकवली. मिस्त्री हसले, म्हणाले, "बाई, परीक्षा घेताय होय?" म्हटलं, "मास्तरीणच आहे मी!"

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. जुन्या पाटीवर फक्त ह्यांचं नाव होतं. नवी करायला टाकताना सासूबाईच म्हणाल्या, "अगं, घराचे हप्ते दोघं भरता, मग पाटीवर एकट्याचंच नाव कशाला?" आता दोन्ही नावं आहेत.

दर वर्षी मृगाआधी छत्र्या काढते, तेव्हा पाटीही हाताने हलवून बघायची, असं ठरवलंय. तुम्हीही आज घरात शिरताना आपल्या पाटीला जरा हात लावून बघा. हलत असेल, तर उद्यावर टाकू नका.