तोल जातो? एकदा कानही दाखवा

वस्तीत एखादी बाई भिंतीला धरून चालायला लागली, की लोक लगेच सांगतात, अशक्तपणा आहे, बीपी आहे, बाहेरचं काही लागलंय. पुरुष असेल तर सरळ 'पिऊन आलाय'. कानाचा विचार फारसा कुणी करत नाही.

कानाच्या आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, तोल सांभाळणारा भाग असतो. प्रत्येक कानात पाण्यासारख्या द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या आणि दोन छोट्या पिशव्या. डोकं कुठे वळलं, किती कललं, हा निरोप त्या मेंदूला देतात. डोळे आणि तळपायही निरोप देतात. तिघांचे निरोप जुळले, की आपण विचार न करता चालतो.

कानाचा निरोप चुकला, की मेंदूला तोल मुद्दाम लक्ष देऊन सांभाळावा लागतो. मग चालताना बोलणं जड जातं. कुणी हाक मारली तर माणूस थांबतो किंवा ठेचकाळतो. बाजारात हिशेब चुकतो, संध्याकाळी डोकं थकतं. हा आळस नव्हे. अंधारात डोळ्यांचा आधारही जातो, म्हणून रात्री शौचालयाला जाताना बॅटरी आणि सोबत हवीच.

कूस बदलताना किंवा वर फळीकडे बघताना मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर येत असेल, तर पिशवीतले बारीक खडे नळीत सरकलेले असू शकतात. कान-नाक-घशाचे डॉक्टर ठरावीक पद्धतीने डोकं वळवून ते जागेवर आणतात. काही मिनिटांचं काम. अनेकांना एक-दोन वेळांतच आराम पडतो.

काही इंजेक्शनांनीही हा भाग बिघडतो : स्ट्रेप्टोमायसिन, अमिकासिन, जेंटामायसिन. यातली काही टीबीसाठी दिली गेली आहेत. यात गरगर नसेलही; फक्त पाय अडखळतात, चालताना समोरच्या पाट्या हलतात. इंजेक्शन चालू असताना असं झालं किंवा कानात आवाज येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. टीबीचं औषध मात्र स्वतःहून बंद करू नका.

चक्करच्या गोळ्या थोडे दिवसच घ्यायच्या. महिनोन्‌महिने घेतल्या तर मेंदूला नव्याने तोल शिकायला अडथळा होतो. नजर एका जागी ठेवून डोकं हलवण्याचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या. त्यांनी चालणं सुधारतं.

चक्करीबरोबर तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, एकाची दोन दिसू लागली, हातपाय लुळे पडले किंवा उभंच राहता येईना, तर वाट न बघता १०८ ला फोन करा. एका कानाचं ऐकू येणं अचानक गेलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि गल्लीतला बंद दिवा, गटारावरची फुटकी फरशी? तोल गेलेल्या माणसासाठी तोही आरोग्याचाच प्रश्न आहे. वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या, पोच घ्या.