देहदान, डी-हॉल आणि पंचाहत्तर टक्के हजेरी

मागच्या उन्हाळ्यात अंबाजोगाईजवळच्या एका गावी दहाव्याला गेलो होतो. पिंड ठेवलेले, कावळा काही केल्या शिवत नव्हता, आणि वाट बघत बसलेल्या मंडळींत देहदानाचा विषय निघाला. एका आबांनी सांगितलं, मी फॉर्म भरलाय. शेजारचे लगेच म्हणाले, "कशाला ओ आबा? कॉलेजातली पोरं टिंगल करतेत म्हणं बॉडीची. चिरफाड करून हात इकडं, पाय तिकडं." आबा काही बोलले नाहीत. तेवढ्यात कावळा शिवला, लोक उठले आणि विषय तिथेच राहिला.

अशा गप्पांत वेगवेगळ्या गोष्टींचा काला झालेला असतो, आणि त्याला थोडी आपली भाषाही कारण आहे. अपघातात गेलेल्या माणसाचं पोलीस जे करून घेतात, तेही शवविच्छेदन आणि डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला मुलं जे करतात, तेही शवविच्छेदन. पहिल्यात मृत्यूचं कारण शोधायचं असतं. ते न्यायवैद्यक विभागाचे किंवा सरकारी दवाखान्यातले डॉक्टर करतात आणि देह बहुतेक वेळा त्याच दिवशी घरच्यांच्या ताब्यात मिळतो. दुसऱ्यात जिवंत माणसाचं शरीर आतून कसं असतं ते शिकायचं असतं, आणि ते महिनोन्महिने चालतं. लोकांच्या डोळ्यांसमोर असतं ते पीएम, म्हणजे पोस्टमॉर्टेम, रूमच्या दारातलं दृश्य. तेच ते डी-हॉलवर, म्हणजे डिसेक्शन हॉलवर, चिकटवतात. अशा गप्पांत ऐकू येणारी वाक्यं एकेक करून पाहू.

"मयताचं शिक्षण देणारं कॉलेज आपल्याकडे कुठं असतं?"

अमेरिकेत असतं. तिथे मृतदेहाची तयारी आणि अंत्यविधीची व्यवस्था हा रीतसर शिकायचा पेशा आहे. त्याची महाविद्यालयं आहेत, हजेरी-परीक्षा आहेत, उमेदवारी आहे आणि बहुतेक राज्यांत परवानाही लागतो. हे वाढलं ते 1861 ते 1865 च्या यादवी युद्धात. दूरवर पडलेल्या सैनिकांचे देह घरी न्यायचे, तर ते टिकवायला हवेत. 1865 मध्ये अब्राहम लिंकनचा देह रसायनं भरून रेल्वेने वॉशिंग्टनहून स्प्रिंगफील्डला नेला. वाटेत गावोगावी लोकांनी दर्शन घेतलं आणि हा प्रकार घराघरांत माहीत झाला.

आमच्या बीड जिल्ह्यात मात्र मयताचं सगळं काम भावकी आणि शेजारी करतात. तिरडी कशी बांधायची, मडक्याला भोक कधी पाडायचं, हे कुणी वर्गात शिकत नाही. लिंगायत असतील तर जंगम, म्हणजे त्यांचे पुरोहित, येतात आणि देह बसवून समाधी देतात. पण मृतदेहापाशी उभं राहून, अभ्यासक्रम आणि नियमांच्या चौकटीत शिकणारी मुलं आपल्या जिल्ह्यातही आहेत. ती आहेत अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात. 1970 च्या दशकाच्या मध्यात सुरू झालेल्या या कॉलेजची ओळख आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय अशी सांगितली जाते. देह टिकवण्याची विद्या आपल्याकडे शरीररचनाशास्त्र विभागाकडे असते. मृतदेह विमानाने न्यायचा असेल, तर देह टिकवल्याचा, म्हणजे एम्बामिंगचा, जो दाखला लागतो, तोही बहुधा अशा विभागातूनच मिळतो.

"बॉडी बर्फात ठेवतात."

बर्फात किंवा शीतपेटीत देह थोडे दिवस राहतो. शिकण्यासाठी तो वर्षभर आणि पुढेही टिकावा लागतो. त्यासाठी मांडीतल्या किंवा मानेतल्या मोठ्या रोहिणीतून द्रव आत सोडतात, म्हणजे ज्या वाटांनी आयुष्यभर रक्त फिरलं, त्याच वाटांनी तो अंगभर पोचतो. त्यात फॉर्मॅलिन असतं, स्नायू लवचीक राहावेत म्हणून ग्लिसरीन असतं, बुरशी धरू नये म्हणून आणखी काही द्रव्यं असतात. नंतर देह टाकीत मुरत ठेवतात. टेबलावर येतो तेव्हा तो तपकिरी, कडक झालेला असतो आणि रक्ताचा थेंबही दिसत नाही. पहिल्या दिवशी मुलांच्या डोळ्यांतून पाणी येतं ते बहुतेकदा फॉर्मॅलिनच्या वाफेने. ही वाफ निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या यादीत घातलं. म्हणून हॉलमध्ये हवा खेळती लागते, हातमोजे लागतात.

"पोरं टिंगल करतात."

आबांना गप्प करणारं वाक्य हेच होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

अठरा-एकोणीस वर्षांची मुलं आहेत. त्यांतल्या कित्येकांनी तोवर घरचं मयतसुद्धा जवळून पाहिलेलं नसतं. भीती घालवायला ती हसतात, एकमेकांना घाबरवतात. पूर्वी तर हे जास्तच चालायचं, आणि जुने डॉक्टर मैफलीत रंगवून सांगतात ते किस्से त्या काळातले असतात. टिंगलीची अफवा शून्यातून आलेली नाही, हे मान्य करायला हवं.

पण नियम आता तोंडी राहिलेले नाहीत. 2019 पासून देशभर एमबीबीएसचा जो नवा अभ्यासक्रम लागू झाला, त्यात वागणूक, नीतिमत्ता आणि संवाद यांचा वेगळा भाग आहे. त्यातल्या पहिल्या वर्षाच्या एका पाठाचा विषयच मुळी 'शव हा आपला पहिला गुरू' असा आहे. विच्छेदन सुरू होण्याआधी मुलं देहासमोर उभी राहून शपथ घेतात. या देहाचा मान राखीन, ज्याने तो दिला त्याची आणि त्याच्या घरच्यांची गोपनीयता जपीन, मिळालेलं ज्ञान समाजासाठी वापरीन, असा तिचा आशय असतो. फोटो काढायचा नाही, ॲप्रनशिवाय आत यायचं नाही, खाणं-पिणं नाही, मोबाइल बाहेर. हातातला भाग संपला की देह ओल्या कापडाने झाकून ठेवायचा, नाहीतर तो सुकतो आणि उद्याच्या शिकण्याचं नुकसान होतं. आदर आणि सोय इथे एकाच फडक्यात येतात, हे मला फार आवडतं.

देह देणाऱ्याचं नाव मुलांना सांगायचं नाही, ही पद्धत आहे. कुणाचा बाप, कुणाची आई, हे टेबलापाशी कुणाला ठाऊक नसतं. पण हाताच्या तळव्यावर घट्टे असतात, पायाच्या भेगा असतात, पोटावर जुन्या ऑपरेशनची खूण असते. आयुष्यभर ऊस तोडलेल्या माणसाच्या खांद्याचा सांधा आणि कचेरीत बसलेल्याचा सांधा सारखा नसतो. देह नाव सांगत नाही, पण बरंच काही सांगतो.

"एकदा बघितलं की झालं, बाकी पुस्तकातून पास होता येतं."

होता येत नाही. थिअरीला 75 टक्के आणि प्रॅक्टिकलला 80 टक्के हजेरी नसेल, तर विद्यापीठाच्या परीक्षेला बसता येत नाही. आणि शरीररचनाशास्त्राचं प्रॅक्टिकल म्हणजे मुख्यतः डी-हॉल. हजेरीचा आकडा प्रॅक्टिकलला जास्त आहे, यातच सगळं आलं. शिवाय वर्षभराच्या अंतर्गत मूल्यमापनात थिअरी आणि प्रॅक्टिकल प्रत्येकी किमान 40 टक्के आणि एकत्रित 50 टक्के लागतात.

रोजचा क्रमही ठरलेला असतो. एका टेबलाभोवती एक बॅच, एक जण मॅन्युअल वाचतो, एक जण स्काल्पेल धरतो, बाकीचे बघतात आणि पाळी येण्याची वाट पाहतात. हात, पाय, छाती, पोट, डोकं-मान, मेंदू असे भाग एकेक करून संपवायचे. प्रत्येक भाग संपला की तोंडी परीक्षा. शेवटी स्पॉटर असतो, म्हणजे एखाद्या नसेला दोरा बांधलेला, शेजारी क्रमांक, आणि घंटा वाजायच्या आत ओळखायचं. ज्याने दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहिलं, तो तिथे अडतो. हाडांचा 'हाफ सेट', म्हणजे अर्धा सांगाडा, सीनियरकडून ज्युनियरकडे जातो, वसतिगृहाच्या खाटेखाली खोक्यात राहतो. घरी नेला तर आई घरात घेत नाही, ही तक्रार मी अनेकांकडून ऐकली आहे.

"नापास झाला तरी कितीही वेळा बसता येतं."

हे खरंच एके काळी होतं. दहा-बारा वर्षं कॉलेजात काढलेले 'दादा' जुन्या लोकांना आठवत असतील. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांनुसार पहिलं वर्ष पार करायला चारच प्रयत्न मिळतात आणि संपूर्ण एमबीबीएस प्रवेशापासून नऊ वर्षांत संपवावं लागतं. परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, कॉलेज नाही. त्यामुळे ओळखीपाळखीने काम होईल, हा आणखी एक गैरसमज जाता जाता निकालात निघतो.

"आता कम्प्युटरवर सगळं दिसतं, देह कशाला हवा?"

एक गंमत करून पाहा. अंगठा आणि करंगळी यांची टोकं जुळवा आणि मनगट थोडं आत वळवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखी शीर वर येते का? ती स्नायूची दोरी आहे. काही जणांना ती नसतेच, काहींना एकाच हाताला असते, आणि नसली तरी काही बिघडत नाही. पुस्तकातला माणूस एकच असतो, खरा प्रत्येक माणूस वेगळा. रोहिणी कुठे फुटते, नस कुठून वळते, हे देहागणिक बदलतं. सर्जनला हे पहिल्यांदा ऑपरेशनच्या टेबलावर कळू नये, म्हणून ते आधी या टेबलावर कळायला हवं. पडद्यावरच्या आकृत्या उपयोगी आहेत, पण त्या नेहमी पुस्तकाप्रमाणेच वागतात.

"आपल्या धर्मात हे बसत नाही."

परळी अंबाजोगाईहून तासाभराच्या आत येते. तिथल्या वैद्यनाथाच्या कथेत समुद्रमंथनातला धन्वंतरी आणि अमृत आहे. त्याच धन्वंतरीच्या नावाने चालत आलेल्या परंपरेतला सुश्रुत सांगतो की, शल्यविद्या शिकणाऱ्याने शव पाहिलंच पाहिजे. त्याची रीतही तो देतो. देह गवताने गुंडाळून पिंजऱ्यात घालायचा, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचा, मग वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्याने थर हळूहळू घासून काढत आतलं सगळं पाहायचं. पुढे मध्ये कितीतरी शतकं ही रीत बंद राहिली. 1836 मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्तांनी पुन्हा शवाला सुरी लावली, तेव्हा ती मोठी बातमी ठरली.

देहाला अग्नी दिला नाही तर पुढचं कसं, ही शंका मनापासूनची असते, तिची चेष्टा करू नये. पण ज्याचा देह हाती लागला नाही, त्याच्यासाठी पळसाच्या पानांचा पुतळा करून करायचा पालाशविधी शास्त्रातच आहे. संन्याशाला अग्नी देत नाहीत. बीडजवळ कपिलधारला लिंगायत संत मन्मथस्वामींची समाधी आहे आणि लाखो भक्त तिथे जातात. देहाचं शेवटी काय करायचं, याची एकच वाट आपल्या भागात कधीच नव्हती. देह दिल्यावरही दहावं-तेरावं करणारी घरं आहेत, त्यांना कुणी अडवत नाही.

हा विषय डाव्या-उजव्यांचाही नाही. 2010 च्या जानेवारीत कम्युनिस्ट नेते ज्योती बसू गेले, त्यांचा देह कोलकात्याच्या एसएसकेएम रुग्णालयाला दिला. फेब्रुवारीत संघपरिवारातले नानाजी देशमुख गेले. ते आपल्या मराठवाड्यातल्या, आताच्या हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे. त्यांचा देह दिल्लीच्या एम्सला गेला. आयुष्यभर ज्यांचं एकाही मुद्द्यावर पटलं नसतं, त्यांनी शेवटची सही एकाच प्रकारच्या कागदावर केली.

"अवयवदान आणि देहदान एकच."

नाही. अवयवदानाला 1994 चा केंद्राचा कायदा आहे आणि मरणोत्तर दानात मूत्रपिंड, यकृत ही मुख्यतः मेंदूमृत रुग्णाची, अतिदक्षता विभागातून घेतली जातात. देहदान महाराष्ट्रात 1949 च्या शरीररचनाशास्त्र कायद्याखाली येतं. मोठे अवयव काढलेला देह कॉलेज सहसा घेत नाही. डोळे मात्र दोन्हीत चालतात. ते मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत काढावे लागतात, म्हणून आधी नेत्रपेढीला कळवायचं.

"फॉर्म भरला की काम झालं."

फॉर्म ही इच्छा आहे. देह ताब्यात असतो तो घरच्यांच्या, आणि न्यायचा निर्णय त्या घटकेला तेच घेतात. रडारडीत कुणी एक नाही म्हणालं, तर कॉलेज हट्ट धरत नाही. उलट, फॉर्म भरलेला नसतानाही जवळचे नातेवाईक देह देऊ शकतात. डॉक्टरचा मृत्यूचा दाखला आणि ओळखीचे कागद लागतात. अपघात, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू असेल तर पीएम होतं आणि मग देह घेतला जात नाही. एचआयव्ही, कावीळ ब किंवा क यांसारखे संसर्ग, मोठं भाजणं, कुजू लागलेला देह, या कारणांनीही नकार येतो. तो नकार अपमान नाही. टेबलाभोवती उभ्या असलेल्या मुलांचा जीव त्यात असतो. मृत्यूची नोंद नेहमीसारखी ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत 21 दिवसांच्या आत करायची असते. देह दिला म्हणून मृत्यू प्रमाणपत्र अडत नाही. पैसे कुणी कुणाला देत नाही. अभ्यास संपल्यावर उरलेल्या अवशेषांची विल्हेवाट कॉलेज लावतं. अस्थी मात्र सहसा घरच्यांना मिळत नाहीत, आणि हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

उन्हाळ्यात मराठवाड्यात देह चार-पाच तासांतच बिघडू लागतो. त्यामुळे कॉलेजच्या शरीररचनाशास्त्र विभागाचा नंबर घरात कुठे लिहिला आहे, हे फॉर्म भरणाऱ्यापेक्षा मागे राहणाऱ्यांना माहीत असलेलं चांगलं. आबांचा थोरला मुलगा त्या दहाव्याला माझ्या शेजारीच बसला होता. वडिलांनी फॉर्म भरलाय, हे त्याने तिथेच पहिल्यांदा ऐकलं.