बी पारखता, तसा सेलही पारखा



सोयाबीन पेरण्याआधी तुम्ही काय करता? गोणपाटाचा तुकडा ओला करता, त्यावर शंभर दाणे ओळीने मांडता, गुंडाळी करून सावलीत ठेवता आणि आठ दिवसांनी कोंब मोजता. सत्तर किंवा अधिक निघाले तर पेरणीला हात घालता. पिशवी विकत आणली तर तिच्यावरचा टॅग पाहता, पावती जपून ठेवता. ही सवय आपल्याला सहजासहजी लागलेली नाही. एखाद्या साली रान मोकळे राहिले, दुबार पेरणी करावी लागली, तेव्हा कुठे हे शहाणपण आले.

आज मला बियाण्याविषयी बोलायचे नाही. तुमच्या घरातल्या मुलामुलींच्या एका छंदाविषयी बोलायचे आहे.

आता गावोगावी अशी मुले दिसतात. जुना रेडिओ उघडून बसतात, डाग द्यायची कावी गरम करतात आणि मोबाइलवरून सेल, सेन्सर, सर्किट असे सुटे भाग मागवतात. कोणी बॅटरी बनवते, कोणी मोटारीचा टायमर, कोणी पिलांच्या खोलीसाठी तापमापक. छंद चांगला आहे, त्याला नावे ठेवू नका. पण या सुट्या भागांच्या बाजारात बोगस बियाण्यासारखाच बोगस माल शिरला आहे. त्यापासून कसे जपायचे, ते आज पाहू.

घरचीच गोष्ट

ही गोष्ट माझ्याच घरातली आहे. २०२४ च्या रब्बीत आमच्या थोरल्या भावाच्या गव्हाला रात्रीची वीज होती. अकरानंतर दारे धरायला जावे लागे. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, अकरावीला शास्त्र शाखेत. वडिलांसाठी त्याने स्वतः एक बॅटरी बनवली. दहा वॅटचा दिवा, चार सेल, वर प्लॅस्टिकचा डबा. सेल मोबाइलवरून मागवलेले, दर बाजारभावाच्या निम्म्याहून कमी. प्रत्येक सेलवर ९९०० हा आकडा छापलेला होता. पोराने वहीत हिशेब मांडला होता, एकदा चार्ज केली की बॅटरी चौदा तास चालेल.

मुलाने केलेली वस्तू म्हणून दादा कौतुकाने ती घेऊन गेला. मोबाइल घरीच चार्जिंगला ठेवला. तासाभरात दिवा विझला. रात्र अंधारी, पाटाला पाणी सुटलेले, आणि परतीच्या वाटेवर बिनकठड्याची जुनी विहीर. दादा उजाडेपर्यंत बांधावर बसून राहिला. घरी आल्यावर एवढेच म्हणाला, "दिवा विझला रे बाळा."

पोराने आठ दिवस तो डबा उघडला आणि मिटला. जोडणी सोडवून पुन्हा डाग दिले. चूक सापडेना. शेवटी डबा माळ्यावर टाकला आणि मला म्हणाला, "काका, मला यातलं काही जमत नाही."

मी त्यातला एक सेल घेतला, तालुक्याच्या दुकानातून पक्क्या बिलावर एक चांगला सेल आणला आणि दोन्ही आमच्या गावच्या सोनाराच्या काट्यावर ठेवले. दुकानचा सेल भरला ४६ ग्रॅम. पोराचा भरला २८ ग्रॅम. पोराच्या जोडणीत काहीच चूक नव्हती. त्याचा सेलच पोकळ होता.

बनावट मालाने पैसे जातात ते जातातच. पण शिकणाऱ्या पोराचा स्वतःच्या हातावरचा विश्वास जातो, ते नुकसान मोठे. बोगस बी न उगवल्यावर "माझीच पेरणी खोल गेली असेल" म्हणून स्वतःला बोल लावणारे शेतकरी मी नोकरीत पुष्कळ पाहिले आहेत. तसेच हे.

नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा

या सेलला १८६५० म्हणतात. १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून हे नाव. जुन्या लॅपटॉपमध्ये, बॅटरीवरच्या दिव्यांत, काही फवारणी पंपांत तो असतो. त्यात किती वीज मावते ते एमएएच या मापात छापतात. घागरीत किती लिटर पाणी मावते, तसे हे माप. या आकाराच्या चांगल्या सेलमध्ये साधारण २००० ते ३५०० एमएएच वीज मावते. त्याहून थोडे अधिक भरणारे नवे सेल निघाले आहेत, पण ६८०० किंवा ९९०० एवढी वीज या घागरीत मावतच नाही. असा आकडा दिसला की पुढे विचार करू नका, तो माल खोटा.

चांगला सेल वजनाला साधारण ४५ ग्रॅमच्या आसपास भरतो. बनावट पुष्कळदा ३५ च्या खाली असतो. काहींच्या पोटात छोटासा सेल आणि उरलेल्या जागेत भुकटी भरलेली सापडली आहे. काही सेल जुन्या लॅपटॉपमधून काढलेले, वर नवे वेष्टन चढवलेले. अशांचे वजन बरोबर भरते, पण दम गेलेला असतो. म्हणून नुसत्या वजनावर जाऊ नका. पाहण्यासाठी सेल फोडू तर मुळीच नका. आत पेट घेणारा पदार्थ असतो.

आणि इथे खरा धोका आहे. वाईट सेल चार्ज होताना तापतो, फुगतो, कधी पेटतो. घरात कडबा, गोठा, अंथरूण यांच्याजवळ चार्जिंग करू नका. मोकळ्या फरशीवर, कोणी जागे असताना करा. चार्जर ४.२ व्होल्टला आपोआप थांबणारा हवा. सेल हाताला चटका देऊ लागला किंवा फुगला तर तो वापरातून बाद करा. बाद सेल उकिरड्यावर, चुलीत किंवा शेणखतात टाकू नका. शहरात बॅटऱ्या किंवा ई-कचरा परत घेणाऱ्या केंद्रावर द्या.

चालते, पण खोटे बोलते

सेल निदान विझून तरी सांगतो. काही बनावट भाग चालत राहतात आणि खोटे बोलतात. डीएस१८बी२० नावाचा तापमान सांगणारा छोटा सेन्सर या छंदात फार लोकप्रिय आहे. उणे १० ते ८५ अंशांपर्यंत त्याच्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक पडू नये, असे बनवणाऱ्या कंपनीचे माप आहे. त्याच्या नकला बाजारात फार. आता विचार करा, तुमच्या मुलीने तो पिलांच्या खोलीत लावला. पहिल्या आठवड्यात पिलांना ३३ ते ३५ अंश ऊब लागते. सेन्सर तीन अंश जास्त दाखवत असेल तर ती बिचारी दिवा कमी करील आणि पिले गारठतील. म्हणून पिले एकमेकांवर चढून गोळा होऊ लागली, तर यंत्राचे ऐकू नका, पिलांचे ऐका.

तसेच मेमरी कार्डाचे. वर मोठा आकडा, आत जागा थोडी. पहिले फोटो नीट राहतात, पुढचे टाकले की बिघडतात.

काही भाग वर्षभर चालतात आणि एके दिवशी अडचणीत आणतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये एफटीडीआय कंपनीने संगणकासाठी नवा ड्रायव्हर आणला. सर्किटाला संगणकाशी जोडणारी तिची एक चिप आहे. तिच्या नावाने विकलेल्या बनावट चिप्स त्या ड्रायव्हरने बंद पाडल्या. आपली चिप खोटी आहे हे कित्येकांना त्या दिवशी समजले.

मात्र एक फरक ओळखा. दुसऱ्याने बनवलेली प्रत्येक वस्तू बनावट नसते. आर्डुइनो हे शिकणाऱ्यांचे सर्किट २००५ साली इटलीत सुरू झाले. त्याची रचना सर्वांना खुली आहे. कोणी ते स्वतःच्या नावाने बनवून विकले तर त्यात लबाडी नाही. एकच वाण दोन कंपन्या आपापल्या पिशवीत विकतात, तसे ते आहे. लबाडी आहे ती दुसऱ्याची पिशवी छापण्यात.

बाजार एकाचा, पाल दुसऱ्याचे

आठवडी बाजार भरवणारा वेगळा आणि पाल टाकून बसणारा वेगळा असतो. मोबाइलवरच्या बाजारातही बहुधा तसेच असते. नाव मोठ्या बाजाराचे दिसते, माल मात्र कुठल्यातरी विक्रेत्याचा असतो. म्हणून घेण्याआधी विक्रेत्याचे नाव, पत्ता आणि माल कोणत्या देशातला ते पाहा. ही माहिती दाखवणे त्यांना नियमाने बंधनकारक आहे.

माल घेणाऱ्यांचे अभिप्राय वाचताना नुसते तारे मोजू नका. पार्सल आले त्या दिवशी "छान आहे" लिहिणाऱ्याने काहीच तपासलेले नसते. तीन-चार महिने वापरून लिहिणाऱ्याचे आणि नाराज गिऱ्हाइकाचे आधी वाचा. कधी कधी अभिप्राय भलत्याच वस्तूचे असतात, तेही पाहा.

"बाजारात नको, मला थेट पैसे पाठवा, स्वस्तात देतो," असे कोणी म्हणाले तर तिथेच थांबा.

शक्यतो भाग बनवणाऱ्या कंपनीने आपल्या संकेतस्थळावर नाव दिलेल्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्ली इथे जाणे झाले तर दुकान पाहून, पक्के बिल घेऊन घ्या. चार पैसे जास्त जातील, पण विचारायला दुकान जागेवर असेल.

सेललाही बियाण्यासारखा टॅग असतो. लिथियम सेलवर भारतीय मानक आयएस १६०४६ आणि 'आर' या अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. छापणारा काहीही छापतो, म्हणून तो क्रमांक बीआयएस केअर या सरकारी ॲपवर टाकून खात्री करा.

पेरण्याआधी उगवण तपासा

माल आला की लगेच कामाला लावू नका. दहा लागत असतील तर आधी दोन मागवा आणि त्यांची परीक्षा घ्या.

सेलची परीक्षा घड्याळावर होते. पूर्ण चार्ज केलेला २६०० चा सेल ५०० मिलीअँपिअर घेणाऱ्या दिव्याला लावला तर साधारण पाच तास चालला पाहिजे. थोडे इकडेतिकडे चालेल. दीड तासात मान टाकली तर समजा बी उगवले नाही.

तापमानाच्या सेन्सरची परीक्षा बर्फाने होते. पेल्यात बर्फ कुटून भरा, थोडे पाणी घाला, ढवळा आणि पाण्यापासून जपलेल्या आवरणातला सेन्सर त्यात पाच-दहा मिनिटे ठेवा. शून्याच्या वरखाली अर्ध्या अंशात आकडा आला पाहिजे. मग कोमट पाण्यात ताप पाहायच्या थर्मामीटरशेजारी धरून ताडून पाहा.

मेमरी कार्ड एकदा काठोकाठ भरा आणि शेवटचा व्हिडिओ उघडून पाहा.

ही परीक्षा माल परत करण्याची मुदत संपण्याआधी घ्या. मुदत किती दिवसांची, ते मागवतानाच वहीत लिहून ठेवा.

फसलात तर गप्प बसू नका

दोनतीनशे रुपयांसाठी कोण भांडत बसणार, असे आपण म्हणतो. त्यावरच लबाडाचे पोट भरते.

पार्सल उघडतानाच व्हिडिओ काढा. बिल, खोके आणि वजनाचा फोटो जपून ठेवा. आधी त्या बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण व्हायला हवे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर फोन करा. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. पैसे परत देतो म्हणून कोणी फोनवर ओटीपी मागितला किंवा एखादे ॲप उतरवायला सांगितले, तर फोन ठेवा. तसे पैसे गेलेच तर तत्काळ १९३० वर कळवा.

शेवटी घरच्या गोष्टीकडे येतो. पुतण्याने माळ्यावरचा डबा खाली काढला. बिलावर चार सेल आणले, सोनाराकडे तोलले, एकेक घड्याळ लावून तपासला. कोणता किती तास चालला ते वहीत लिहिले, आणि नव्या हिशेबात बॅटरी चौदा नव्हे, चार तास चालेल असे वडिलांना आधीच सांगितले. ती चार तास चालली. आता दादा तीच बॅटरी घेऊन दारे धरायला जातो, खिशात मोबाइलही ठेवतो. विहिरीला मात्र यंदा कठडा बांधून घेतला.

तुमच्या घरातल्या पोराचा एखादा डबा माळ्यावर पडला असेल, तर त्याला रागावण्याआधी तो सेल एकदा काट्यावर ठेवून पाहा.