फळवाटपाच्या पलीकडचं काम : मदर तेरेसांच्या सिस्टरांचा दिवस कसा चालतो, स्वयंसेवक नेमकं काय करतात?

रत्नागिरी : ५ सप्टेंबर म्हटलं की आपल्याकडे शिक्षक दिन. याच तारखेला १९९७ साली कोलकात्यात मदर तेरेसा वारल्या. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१२ मध्ये ठराव करून हाच दिवस आंतरराष्ट्रीय परोपकार दिन म्हणून ठरवला.

परोपकार म्हटलं की गावाकडे पहिलं आठवतं ते फळवाटप. कुणाचा वाढदिवस, कुणाची पुण्यतिथी. केळी, बिस्किटांचे पुडे, चार ब्लँकेट घेऊन मंडळी आश्रमात जातात, फोटो काढतात, दुपारी गाडी परत फिरते. त्यात वाईट काही नाही. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची चादर संध्याकाळी कोण बदलतं? तिला भरवतं कोण? तिची नखं कोण कापतं? हे काम केळ्यांनी होत नाही, त्याला माणूसच लागतो. आणि तोसुद्धा रोज लागतो.

मदर तेरेसांच्या 'मिशनरीज ऑफ चॅरिटी' या संस्थेने हे रोजचं काम सत्तर वर्षांहून अधिक काळ चालवलं आहे. सिस्टरांचा आखीव दिवस आणि बाहेरून येणाऱ्या साध्या माणसांचे हात, या दोन गोष्टींवर ते उभं आहे. ते कसं, ते समजून घेण्यासारखं आहे.

सिस्टर म्हणजे नक्की कोण?

आपल्या भागात सिस्टर म्हटलं की एक तर दवाखान्यातली नर्स नाहीतर कॉन्व्हेंट शाळेतली शिक्षिका डोळ्यांसमोर येते. कॅथलिक सिस्टर म्हणजे धर्मभगिनी, व्रत घेऊन संसार सोडलेली बाई. त्यांचे संघ मात्र अनेक आहेत. कुणाचा भर शाळांवर, कुणाचा दवाखान्यांवर. शाळा चालवणाऱ्या सिस्टर वेगळ्या आणि निळ्या काठाची पांढरी साडी नेसणाऱ्या मदर तेरेसांच्या सिस्टर वेगळ्या.

स्वतः मदर तेरेसा सुरुवातीला शाळेवरच होत्या. त्यांचा जन्म १९१० सालचा, स्कोप्ये शहरातला. १९२९ च्या जानेवारीत त्या भारतात आल्या आणि लोरेटो संघाच्या शाळेत शिकवू लागल्या. १९४८ मध्ये परवानगी काढून त्या शाळेबाहेर पडल्या आणि कोलकात्याच्या झोपडपट्टीत काम करू लागल्या. ७ ऑक्टोबर १९५० रोजी नव्या संघाला मान्यता मिळाली. आज या संघात पाच हजारांहून अधिक सिस्टर आहेत आणि १३० हून अधिक देशांत त्यांची घरं आहेत.

इतर धर्मभगिनींप्रमाणे या सिस्टर निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही तीन व्रतं घेतात. यांचं चौथं एक व्रत आहे : गरिबांतल्या गरिबाची मनापासून आणि फुकट सेवा. यातला 'फुकट' हा शब्द महत्त्वाचा. सेवेबद्दल कुणाकडून पैसा घ्यायचा नाही.

व्रत लगेच मिळत नाही. मुलगी आधी काही काळ राहून बघते, मग नोव्हिस म्हणजे उमेदवार सिस्टर होते. नोव्हिसच्या साडीला निळा काठ नसतो. पहिली व्रतं घेतल्यावर काठाची साडी मिळते आणि कायमची व्रतं त्यानंतर काही वर्षांनी. मधल्या काळात जमत नाही असं वाटलं तर घरी परतता येतं.

पहाटे पावणेपाचच्या आत घर जागं

घराघरात वेळा थोड्या मागेपुढे होतात, पण दिवसाचा साचा सगळीकडे सारखाच. पहाटे ४.४० ला उठायचं. पाचला प्रार्थना आणि मौन चिंतन, सहाच्या सुमारास मिस्सा. मिस्सा म्हणजे फादरांनी चालवलेली मुख्य उपासना. मग न्याहारी, झाडलोट, कपडे धुणं. आठला प्रत्यक्ष सेवेला सुरुवात. कुणी आजाऱ्यांकडे, कुणी मुलांकडे, कुणी वस्तीत. बाहेर जायचं तर दोघी-दोघींनी.

साडेबारापर्यंत काम, मग जेवण आणि थोडी विश्रांती. दुपारी वाचन, प्रार्थना आणि पुन्हा काम. संध्याकाळी एक तास सगळ्या मिळून आराधना करतात. रात्रीच्या जेवणानंतर अर्धा तास मोकळ्या गप्पा, हसणं-खिदळणं. मग रात्रीची प्रार्थना आणि दहाच्या आत दिवे बंद.

शेतकऱ्याला यातलं मर्म लगेच कळेल. गोठ्यात गुरं असली की मनाला येईल तेव्हा उठून चालत नाही. आज कंटाळा आला म्हणून म्हशीची धार उद्यावर टाकता येत नाही. आजारी माणसाचंही तसंच आहे. म्हणून तिथे वेळापत्रकच माणसाला कामाला लावतं, रोज नव्याने मन तयार करावं लागत नाही.

आठवड्यातला एक दिवस मात्र वेगळा. कोलकात्याच्या मुख्य घरात गुरुवारी सिस्टर नेहमीच्या कामाला बाहेर पडत नाहीत. तो दिवस प्रार्थनेसाठी आणि स्वतःच्या घरातल्या कामासाठी. स्वयंसेवकांनाही त्या दिवशी सुट्टी.

तीन साड्या, एक बादली

सिस्टरच्या मालकीचं म्हणावं असं थोडकंच सामान असतं : तीन साड्या, चपला, जपमाळ, छोटा क्रूस, ताटली आणि एक बादली. एक साडी अंगावर, एक धुण्यात, एक दुरुस्तीला किंवा राखीव. अंघोळ आणि कपडे बादलीतच. या साड्या कोलकात्याजवळच्या टिटागढ इथल्या कुष्ठरुग्णांच्या केंद्रात विणल्या जातात. म्हणजे ज्यांची सेवा करायची त्यांच्याच हातचं कापड सिस्टरांच्या अंगावर.

कोकणी माणसाला नवल वाटेल असा आणखी एक नियम आहे. कुणाच्या घरी गेल्यावर या सिस्टर चहासुद्धा घेत नाहीत. आपल्याकडे 'चहा घेतल्याशिवाय सोडणार नाय' म्हणतात, तिथे हा नियम तुसडेपणाचा वाटेल. कारण साधं आहे. गरीब घरात सिस्टर आल्या की घरचे होतं-नव्हतं ते पुढे करणार, वेळेला उसनं आणणार. त्या घरावर भार नको म्हणून कुणाकडेच घ्यायचं नाही. श्रीमंताकडे घेतलं आणि गरिबाकडे नाही, असंही मग होत नाही.

स्वयंसेवकाच्या वाट्याला येतं धुणं

कोलकात्यात जगभरातून स्वयंसेवक येतात. विद्यार्थी येतात, निवृत्त माणसं येतात, नोकरीतून रजा काढूनही येतात. धर्म विचारला जात नाही. फी नाही, पगार नाही. राहायची सोय ज्याने त्याने करायची. मदर हाऊसजवळच्या शिशु भवनात नाव नोंदवायचं आणि सिस्टर सांगतील त्या घरात जायचं. सकाळी सातच्या सुमारास मदर हाऊसमध्ये चहा, पाव, केळं. तिथून आपापल्या घरी रवाना, दुपारी बारापर्यंत काम.

पहिल्या दिवशी बरेच जण मनाशी मोठं काहीतरी ठरवून येतात. हातात येतो कपड्यांचा ढीग. कोलकात्याच्या घरांतून चादरी, कपडे वर्षानुवर्षं हातानेच धुतले जात आलेत. एक रगडतो, दुसरा खळबळतो, दोघं मिळून पिळतात, चौथा गच्चीवर वाळत घालतो. मग भांडी, भरवणं, दाढी करणं, नखं कापणं, तेल लावणं, मुलांना खेळवणं. भाषा येत नसली तरी अडत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्वयंसेवक आला म्हणून सिस्टर बाजूला होऊन देखरेख करत बसत नाहीत. त्याच हौदावर त्याही असतात. आणि स्वयंसेवक आठ दिवसांनी गेला तरी घर बंद पडत नाही, कारण कणा सिस्टरांचा आणि कायमच्या कामगारांचा. लावणीला वाडीतली माणसं मदतीला येतात, पण शेत ज्याचं त्याला रोज बांधावर जावंच लागतं, तसंच हे.

१९६९ मध्ये अशा मदतनीसांची 'सहकारी' म्हणून रीतसर संघटना झाली. अ‍ॅन ब्लेकी ही कोलकात्यात राहिलेली इंग्रज बाई तिच्यात पुढे होती.

जे उठूच शकत नाहीत त्यांनाही यात जागा होती. जॅकलिन द डेकर या बेल्जियमच्या बाईला संघात यायचं होतं, पण आजारपणामुळे जमलं नाही. तिच्यापासून एक पद्धत पडली : प्रत्येक सिस्टरमागे एक आजारी माणूस, जो अंथरुणातून तिच्यासाठी प्रार्थना करील. अंथरुणावरच्या माणसाला आपण भार आहोत असं वाटू नये, याचा हा एक मार्ग.

मुंबईतलं 'आशा दान'

रत्नागिरीच्या चाकरमान्यांना जवळचं ठिकाण म्हणजे भायखळ्याच्या सांकळी स्ट्रीटवरचं 'आशा दान'. हे घर १९७६ मध्ये सुरू झालं. जागा हिंदुस्थान लिव्हर कंपनीची, इमारतीच्या देखभालीचा खर्चही कंपनीने उचलला, आतली सेवा सिस्टरांची. टाकून दिलेली मुलं, अपंग मुलं, निराधार बाया-पुरुष, एचआयव्हीबाधित रुग्ण अशी चारशेच्या आसपास माणसं इथे सांभाळली जात असल्याचं कंपनीने सांगितलेलं आहे.

मुंबईचा आणखी एक जुना धागा आहे. १९६४ च्या डिसेंबरात पोप पॉल सहावे मुंबईला आले होते. वापरायला मिळालेली पांढरी लिंकन मोटार जाताना त्यांनी मदर तेरेसांना देऊन टाकली. मदर तिच्यात बसून फिरल्या नाहीत. त्यांनी सोडत काढली आणि आलेला पैसा आसनसोलजवळच्या शांतिनगर या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी वापरला.

टीका आणि शंका

या कामावर टीकाही झाली आहे, तीही माहीत हवी. १९९४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स यांनी कालीघाटचं 'निर्मल हृदय' हे मरणासन्नांसाठीचं घर पाहून लिहिलं. स्वच्छता, जखमांची निगा आणि माया यांचं त्यांनी कौतुक केलं. पण आजाराचं नीट निदान होत नाही, वेदना थांबवणारी जोरदार औषधं नाहीत, असंही स्पष्ट सांगितलं. धडा सरळ आहे : मायेचा हात हवाच, पण तो डॉक्टरची जागा घेत नाही.

दुसरी शंका धर्मांतराची. हिंदू मरताना त्याच्या ओठांवर गंगाजल, मुसलमानासाठी कुराणपठण, ज्याचा जो धर्म त्याप्रमाणे शेवट, अशी पद्धत संस्था सांगते. काही टीकाकारांनी मरणाऱ्यांना गुपचूप बाप्तिस्मा दिल्याचा आरोपही केलेला आहे.

तिसरा मुद्दा पैशाचा. संस्था देणग्यांवर चालते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने तिच्या परदेशी देणग्यांच्या परवान्याचं नूतनीकरण नाकारलं होतं, जानेवारी २०२२ मध्ये परवाना पुन्हा मिळाला.

आपल्याकडे याचा काय उपयोग?

कोकणात वाडीवाडीत कुलूपबंद घरं आहेत. जी उघडी आहेत त्यांत कित्येक ठिकाणी एकटी म्हातारी माणसं. मुलं मुंबई-पुण्याला, पैसे महिन्याला येतात, पण पाठीला साबण लावायला पैसा येत नाही. सेवेचं काम कुठल्या एका धर्माचं नाही. आपल्याच देवरुखला मावशी हळबे यांनी १९५४ मध्ये मातृमंदिर उभं केलं, ते याच जिल्ह्यातलं उदाहरण. संसार सोडून व्रत घेणं सगळ्यांना जमणार नाही, घ्यायलाही नको. पण ठरलेला वार आणि ठरलेली वेळ, एवढं एक व्रत मंडळांना, बचत गटांना जमण्यासारखं आहे. दर बुधवारी सकाळी दोघीजणी शेजारच्या आजीकडे गेल्या, तिची अंघोळ, कपडे, नखं केली, तर वर्षाच्या एका फळवाटपापेक्षा ते मोठं आहे.

कुठल्याही आश्रमात जाण्याआधी

• आधी फोन करून काय हवं ते विचारा. केळ्यांपेक्षा डायपर, साबण, जुन्या सुती चादरी यांची गरज जास्त असू शकते.

• परवानगीशिवाय फोटो काढू नका. असहाय अवस्थेतला आपला फोटो ग्रुपवर फिरावा असं कुणालाच वाटत नाही.

• एकदाच जाऊन दिवसभर थांबण्यापेक्षा दर आठवड्याला दोन तास द्या. जमेल तेवढंच कबूल करा, कबूल केलं की चुकवू नका.

• पैसे दिले तर पावती घ्या.

• मूल दत्तक हवं असेल तर कुठल्याही आश्रमात परस्पर बोलणी करू नका. नोंदणी केंद्र सरकारच्या 'कारा' यंत्रणेकडेच होते. मदर तेरेसांच्या संस्थेने २०१५ मध्ये देशातलं दत्तक देण्याचं काम थांबवलं आहे.

• टाकून दिलेलं किंवा संकटातलं मूल दिसलं तर १०९८, एकाकी किंवा छळ होणाऱ्या ज्येष्ठांसाठी १४५६७. दोन्ही नंबर मोबाईलमध्ये आजच साठवून ठेवा.