कासवांच्या मागोमाग आले पाहुणे

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे नाना फडणवीसांचे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या बागा, कौलारू घरे आणि कामधंद्यासाठी मुंबई गाठणारी तरुण मुले. कोकणात अशी गावे किती तरी!

२००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेचे भाऊ काटदरे व त्यांचे सहकारी समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी येथे आले, तेव्हा वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. त्या काळी घरटे सापडले की अंडी खाण्यासाठी किंवा विकण्यासाठी नेली जात. संस्थेने गावकऱ्यांनाच सोबत घेऊन राखण सुरू केली.

ऑलिव्ह रिडलेची मादी एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. ती अलगद काढून कुंपणातल्या वाळूत पुरतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिल्ले वर येतात. घरट्यावरची टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून पाहायची आणि पिल्ले समुद्राकडे सोडायची.

२००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांची सोय घराघरांत झाली आणि गृहिणींच्या रोजच्या स्वयंपाकाला मोल आले. पण पिल्ले काही तारीख पाहून निघत नाहीत! रिकामी टोपली पाहून पाहुणा हिरमुसला, तर यजमानीण बिचारी काय करणार?

शिवाय हंगाम जेमतेम फेब्रुवारी ते एप्रिल. २०२० मध्ये तो टाळेबंदीत अर्धवट राहिला आणि ३ जूनला 'निसर्ग' चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या बागा आडव्या केल्या. नवी पोफळ फळायला पाच-सहा वर्षे लागतात.