आधी नेटवर्क की आधी फाइली?

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर आपले नाव विचारले जाईपर्यंतच्या थोड्याशा वेळात युनिक्स प्रणाली कितीतरी कामे उरकते. त्यांचा क्रम चुकला तर?

समजा, शाळेत वीस संगणक आहेत आणि मुलांच्या फाइली एकाच मुख्य यंत्रावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवल्या आहेत. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ साली आणलेल्या एनएफएस पद्धतीने हे दूरचे भांडार प्रत्येक यंत्रातील एका रिकाम्या फोल्डरवर 'माउंट' करता येते, म्हणजे बसवता येते. त्यासाठी नेटवर्क आधी चालू हवे. ते नसेल तर फोल्डर दिसते, पण रिकामे. एखाद्या प्रोग्रॅमने त्यातच लिहिले तर मजकूर त्या यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवर पडतो. मागाहून खरे भांडार तेथे बसले की तो त्याखाली झाकला जातो. पुसला जात नाही, पण दिसतही नाही! मुलगी म्हणते, "सर, माझा निबंध गेला."

मग नेटवर्क सर्वांत आधी सुरू करावे? पण ते सुरू करणारा प्रोग्रॅमही कुठल्या तरी डिस्कवरच असतो. डिस्क महाग होत्या तेव्हा 'यूएसआर' हा मोठा विभाग अनेक ठिकाणी सर्व्हरवरूनच घेत. तो प्रोग्रॅम नेमका त्यात असला, तर पोहरा विहिरीत आणि दोरही पोहऱ्यालाच बांधलेला! म्हणून अशी साधने यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवरील मूळ विभागात ठेवण्याची रीत पडली. आधी मूळ विभाग तपासायचा, मग स्थानिक विभाग, नेटवर्क, दूरचे विभाग आणि शेवटी त्यांवर विसंबणाऱ्या सेवा.

सिस्टिम फाइव्ह युनिक्समध्ये हा क्रम स्क्रिप्टच्या नावातील आकड्यांनी ठरे: एस१० आधी, एस२० नंतर. तोच आकडा का, हे मात्र आकडा सांगत नसे. नेटबीएसडीच्या १.५ या आवृत्तीत (२०००) प्रत्येक स्क्रिप्ट 'मी काय पुरवते' आणि 'मला आधी काय हवे' एवढेच सांगू लागली. क्रम 'आरसीऑर्डर' हा प्रोग्रॅम लावतो. दोन स्क्रिप्ट एकमेकींचीच वाट पाहत असतील तर तसा इशाराही देतो. मला ही पद्धत अधिक सरळ वाटते, कारण तिच्यात कारण लिहिलेले असते.

तरीही 'नेटवर्क चालू' म्हणजे पलीकडचा सर्व्हर जागा आहे, असे नव्हे. वीज जाऊन परत आली की सगळी यंत्रे एकदमच सुरू होतात. सर्व्हर आपल्या मोठ्या डिस्का तपासत असतो आणि बाकीची त्याच्या उत्तरासाठी ताटकळतात. अशा वेळी सर्व्हर पूर्ण सुरू होईपर्यंत इतरांची बटणे बंद ठेवावीत.